सहा धडधाकट माणसं हवीत

गेल्या महिन्यापर्यंत सलग दीड वर्ष पेंटबॉल खेळताना मला एकही गोळी लागली नव्हती! एकही! हा विक्रम स्लीवेन शहरात कुणी मोडून दाखवावा, असं माझं जाहीर आव्हान आहे. आता तुम्ही म्हणाल, लुबेन, तू एवढा चपळ कधी झालास? पोट पट्ट्याबाहेर आलंय, गुडघे कुरकुरतात, पंचावन्न वर्षं झाली! बरोबर आहे. पण गोळी लागायला समोर कुणीतरी असावं लागतं ना? माझ्यासमोर दीड वर्ष कुणीच नव्हतं.

तसे आम्ही सहा जण होतो. सगळे शहराच्या बॉयलरघरातले, घरोघरी गरम पाणी पाठवणारे. दर रविवारी गावाबाहेरच्या बंद पडलेल्या मुरांब्याच्या कारखान्यात, रंग भरलेल्या गोळ्या एकमेकांवर झाडत खेळायचो. मग दिमो ट्रक चालवायला जर्मनीला गेला. प्लामेन स्पेनला गेला आणि जाताना भावालाही घेऊन गेला. एकाच्या हृदयाने असहकार पुकारला, एकाच्या दुसऱ्या बायकोने. राहता राहिलो मी. माझी बायको तर त्याच्याही आधी एका म्हातारीची देखभाल करायला इटलीला गेली होती, सहा महिन्यांसाठी. त्याला नऊ वर्षं झाली. म्हातारी अजून ठणठणीत आहे.

पण मी रविवार सोडला नाही! मैदानाचा मालक बोझो मला दया म्हणून फाटक उघडून द्यायचा. मी पिंपांवर गोळ्या झाडायचो. कंटाळा आला की दोन्ही बाजूंनी खेळायचो. म्हणजे इकडून गोळी मारायची, धावत तिकडे जायचं, "अरे लुच्च्या!" असं ओरडायचं, आणि तिकडून इकडे मारायची. गोळी फुटल्याचा तो 'फट्' आवाज ऐकला ना, की अजूनही अंगावर काटा येतो. बाकी ताप म्हणाल तर सगळा तोच. मास्कच्या काचेवर वाफ धरते. गोळी नळीतच फुटते आणि बंदूक आतून जेलीसारखी होते. आणि खेळ संपला की पिंपं धुवायला आपणच! हरलेल्यांनी पिंपं धुवायची असा आमचा जुना नियम होता. मी दोन्ही बाजूंनी हरायचो.

हे सगळं मी मुलीला सांगितलेलं नव्हतं. रालित्सा, म्हणजे आमची राली, डब्लिनला इस्पितळात काम करते. दर रविवारी तिचा फोन येतो. "बाबा, कुणाबरोबर आहात?"

"टीमबरोबर!" मी म्हणतो. "आज असा धुव्वा उडवला म्हणतेस!"

काय सांगू दुसरं? पोरीने नोकरी सोडून यावं आणि माझं नाक पुसत बसावं? एकदा खोटं बोललो, मग दर रविवारी त्याला खायला घालावं लागलं.

गेल्या महिन्यात ती म्हणाली, "बाबा, रविवारी तुमचा वाढदिवस ना? सव्वाअकराला व्हिडिओ लावते. मला तुमची सगळी टीम बघायची आहे. सगळ्यांना ओळीनं उभं करा!"

"अगं, ते लाजतात..."

"बाबा." तिचा आवाज एकदम बदलला. "टीम आहे ना नक्की? नाहीतर मी इथलं सगळं सोडून येईन हं. खरंच सांगते."

"आहे म्हणजे! चांगली दांडगी टीम आहे!" मी म्हणालो. आणि फोन ठेवला.

आता सहा माणसं आणायची कुठून? माझ्या इमारतीत मी फक्त दोघांना ओळखतो. एक समोरच्या दारातली पेनामावशी. वय अठ्ठ्याहत्तर. गेली बारा वर्षं ती माझ्याशी एकच वाक्य बोलते, "दार हळू लाव." दुसरा माझ्या खालचा त्रिफोन. माझा पाइप गळला, त्याचं छत भिजलं, आणि चार वर्षं आम्ही एकमेकांशी बोलत नाही. जिन्यात समोर आलो तर दोघंही भिंतीचा रंग बघत उतरतो.

शेवटी डोक्यात प्रकाश पडला. जाहिरात! एक झकास जाहिरात छापायची आणि वस्तीभर चिकटवायची!

शुक्रवारी बॉयलरघरातल्या कॉम्प्युटरवर बसलो. वर लाल अक्षरांत हा एवढा मोठा मथळा टाकला: पेंटबॉल! खाली माझा फोटो. हसरा एकही नव्हता, म्हणून ओळखपत्रावरचाच घेतला. त्याखाली लिहिलं:

लुबेन हाजिएव, वय ५५.
येत्या रविवारी सकाळी ११ वाजता, जुना मुरांबा कारखाना.
सहा धडधाकट माणसं हवीत.
चेहरा झाकण्याची सोय तिथेच आहे.
अवश्य यावे.

वय घातलं, म्हणजे माझ्यासारखे पन्नाशीचे लोक बिचकू नयेत. सगळ्याभोवती जाड काळी चौकट घातली. नुसतं कसं ओकंबोकं दिसत होतं! प्रिंटरमधली रंगीत शाई संपलेली होती, काळी मात्र भरपूर. म्हटलं, काळं तर काळं. चाळीस कागद काढले. फोटो छान आला होता. बाकीचं वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा घरी राहिला होता.

संध्याकाळी डिंकाची बाटली घेऊन निघालो. पावाच्या दुकानासमोरचं झाड, बसथांबा, दवाखान्याची भिंत, एक जागा सोडली नाही. आमच्याकडे कुणी गेलं की त्याच्या फोटोचा कागद दारांवर, झाडांवर चिकटवतात; आमच्या इमारतीच्या दारावर तर मयतांचे असे तीन कागद आधीच होते. चौथ्या मजल्यावरच्या ग्योर्गेवांच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी, त्यांच्या मेहुणीचं वर्षश्राद्ध आणि पाचव्या मजल्यावरचा एक शिंपी, त्याचा ताजाच होता. त्यांच्यामध्ये बरोबर एका कागदाची जागा रिकामी होती. मी आपला तिथे चिकटवला आणि समाधानाने दोन पावलं मागे जाऊन बघितला. अगदी शोभून दिसत होता हो!

शनिवारी सुट्टी टाकून फोनजवळ बसलो. रिंग ऐकू यावी म्हणून टीव्हीसुद्धा लावला नाही. एक फोन नाही! कागदावर नंबर घालायचाच राहिला, हे नंतर कळलं. जिन्यात पावलं वाजायची, माझ्या दाराशी थांबायची, कुणीतरी सुस्कारा टाकायचं आणि पावलं पुढे जायची. मला वाटलं, लाजतायत. दुपारी दार उघडलं तर पायपुसण्यावर एक बशी. तिच्यात उकडलेले गहू, वर पिठीसाखर, अक्रोड. हे मयताचं अन्न आहे हे मला काय माहीत नाही? पण म्हटलं, शिंप्याच्या घरून वाटलं असेल. "देव त्याला क्षमा करो," असं म्हटलं आणि चमच्याने सगळं खाल्लं. फार चविष्ट होतं.

रविवारी सकाळी सातलाच गाडी काढून कारखान्यावर गेलो. बोझो तिथेच राहतो, गावात फिरकत नाही. मी त्याला म्हणालो, "आज सहा माणसं येणार! बंदुका भरून ठेव!"

"सहा?" बोझो म्हणाला. "लुबेन, दीड वर्षं झाली. एक आला तरी मी तुला केक खाऊ घालीन."

कुंपणाच्या आत मास्कशिवाय पाऊल टाकायचं नाही, असा त्याचा कडक नियम. म्हणून मास्क चढवला, हिरवा डगला घातला आणि फाटकाशी उभा राहिलो. पावणेअकरा. रस्त्यावर एक कुत्रं सोडलं तर कुणी नाही. मनात म्हटलं, संपलं. रालीला आता काय तोंड दाखवणार?

आणि अकराला पाच कमी असताना वळणावरून माणसं आली. दोन. चार. मग दहा! मग मी मोजायचं सोडून दिलं! तीसपस्तीस माणसं! सगळ्यांच्या अंगावर काळे कपडे! माझे डोळे भरून आले. म्हटलं, काय लोक आहेत! गणवेशसुद्धा ठरवून आलेत!

मग त्यांच्या हातातली फुलं दिसली. कुणाकडे दोन, कुणाकडे चार, एकाकडे सहा. तीन किंवा पाच कुणाकडेच नाहीत. आमच्याकडे वाढदिवसाला विषम फुलं देतात. सम फुलं कुणाला देतात, ते सांगायला नको. पुढे दोघे जण एक भलंमोठं पुष्पचक्र उचलून आणत होते. त्यावरची फीत वाऱ्यावर उलगडली आणि तिच्यावर माझं नाव होतं!

सगळ्यांत पुढे त्रिफोन. डोळे सुजलेले. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मास्कमुळे मला ओळखलं नाही. विचारलं, "तुम्ही इथले का? कुठे ठेवलंय त्याला?"

"कुणाला?"

"लुबेनला हो!" त्याने खिशातून माझा कागद काढला. आज मी चष्मा लावलेला होता. वरचा लाल मथळा गायब, रंगीत शाईच नव्हती ना! कोरी जागा! आणि त्या कोऱ्या जागेवर कुणीतरी पेनाने नीट पट्टी लावून क्रॉस काढलेला!

"हा क्रॉस...?" मी घोगऱ्या आवाजात विचारलं.

"तो मी काढला," मागून पेनामावशी म्हणाली. तिच्या हातात चार कार्नेशन होती. "मेला तोही घाईत. छापणाऱ्याला साधा क्रॉससुद्धा घालता आला नाही. सगळ्या कागदांवर काढत फिरले. चाळीस होते. माझी पाठ गेली."

आता तुम्ही म्हणाल, त्याच क्षणी मास्क काढायचा होता! हो. काढायचाच होता. हात वर गेलासुद्धा होता. पण त्रिफोन रडायला लागला हो! "सहा धडधाकट माणसं हवीत म्हणे," तो हुंदके देत होता. "खांदा द्यायला माणसं नाहीत म्हणून बिचाऱ्याने आधीच लिहून ठेवलं! आणि मी चार वर्षं बोललो नाही त्याच्याशी! कशापायी? एका पाइपापायी!"

"आणि चेहरा झाकणार म्हणजे," मागून एक बाई कुजबुजली, "अपघातच असणार. चेहऱ्याचं काही उरलेलं नसणार."

"पण हा नेमका कोण?" दुसरीने विचारलं.

"तिसऱ्या मजल्यावरचा."

"तो टकला?"

"छे, टकला जिवंत आहे. त्याच्या शेजारचा."

"असा कुणी होता का?"

मास्कच्या आत माझ्या कानशिलांना घाम आला. मी त्रिफोनला हळूच विचारलं, "कसा होता हो माणूस?"

"देवमाणूस!" त्रिफोन म्हणाला. "थोडा कटकट्या. पण देवमाणूस. रविवारी सकाळी शिट्टी वाजवत जिना उतरायचा. हल्ली एवढ्यात शिट्टी ऐकू येत नव्हती. मी बायकोला म्हणालोही, याला काहीतरी झालंय. जाऊन विचारलं असतं तर..."

माझी शिट्टी कुणी ऐकत होतं, हे मला तेव्हाच कळलं. मग मास्क काढवेना. काढला की हे सगळं बंद होणार होतं!

एवढ्यात आमचे बॉयलरघराचे इंजिनियरसाहेब पुढे आले, घसा साफ केला आणि भाषण सुरू केलं. "लुबेन हाजिएव आमच्या बॉयलरघराचा कणा होता! त्याने काहीही मागावं आणि आम्ही नाही म्हणावं, असं कधी झालं नाही!" आदल्याच महिन्यात याच माणसाने माझी तीन दिवसांची रजा फेटाळली होती! मी मास्कमधून नुसता फुसफुसलो. लोकांना वाटलं, मीही रडतोय. एका बाईने मला रुमाल दिला.

आणि सव्वाअकराला खिशातला फोन वाजला.

मी उचलला. पडद्यावर राली! मागे तिचं डब्लिनचं स्वयंपाकघर. "वाढदिवसाच्या शुभेच्छा, बाबा! अरे बापरे! ही केवढी टीम!"

फोनमध्ये माझा मास्क, मास्कच्या मागे पस्तीस काळे कपडे, पुष्पचक्र आणि मेणबत्त्या. "हो," मी म्हणालो. "थोडी वाढली."

"मास्क काढा ना! तोंड बघू द्या!"

आता काय करणार? पोरीने मागितलं होतं. मी मास्क काढला.

त्यानंतर जो कोलाहल झाला, तो मुरांब्याच्या कारखान्याने उभ्या हयातीत ऐकला नसेल. पुष्पचक्र खाली पडलं. इंजिनियरसाहेब दोन पावलं मागे सरकले ते थेट पिंपात बसले. मेणबत्तीवाल्या बायका दहादहा वेळा छातीवर क्रॉसची खूण करू लागल्या. "बाबा, काय झालं? ते ओरडतायत का?" फोनमधून राली घाबरून विचारत होती. "बाबा, कोण आहेत ही माणसं? खरं सांगा!"

संपलं, म्हटलं. आता ही विमानात बसणार.

तेवढ्यात पेनामावशी पुढे आली. चेहरा रागाने लालबुंद. माझ्या हातातून फोन हिसकावला, डोळ्यांजवळ धरला. मी डोळे मिटून घेतले.

"तू त्याची मुलगी का?" ती म्हणाली.

"हो. तुम्ही?"

"मी टीममधली." पेनामावशीने माझ्याकडे असं बघितलं की मी जागच्या जागी वितळलो. "फार वाईट खेळतो गं तुझा बाप. आत्ताच आम्ही सगळे समजलो होतो, मेला म्हणून!"

राली खो खो हसली. किती दिवसांनी तिला तसं हसताना बघितलं! "बघून घ्या हं त्यांच्याकडे, आजी!"

"बघतेच आता," मावशी म्हणाली आणि फोन बंद करून माझ्या हातात आदळला.

मग सगळे एकदम माझ्यावर तुटून पडले. "निर्लज्ज!" "माझा रविवार गेला!" "मी दोन बस बदलून आले!" आणि त्रिफोन माझी कॉलर धरून, "चार वर्षांची माफी मागितली मी तुझी! सगळ्यांसमोर! ती परत दे माझी मला! आज तुला खरंच मारून टाकतो!"

"मारायचंच आहे ना?" बोझो शांतपणे म्हणाला. "मग हाताने कशाला? बंदुका भरलेल्याच आहेत. फक्त मास्क घाला, माझा नियम आहे."

मग इंजिनियरसाहेब पिंपातून उठले आणि पहिली बंदूक त्यांनी घेतली. पाळीपाळीने सगळ्यांनी घेतल्या!

मी मास्क चढवला आणि पळालो! पिंपांमागून, मुरांब्याच्या जुन्या कढईमागून, पडक्या भिंतीवरून! काळ्या कोटातले पस्तीस लोक माझ्यामागे! त्रिफोनची पहिली गोळी पाठीत बसली. फट्! दीड वर्षातली पहिली! काय झोंबली म्हणून सांगू! वळून मी ओरडलो, "अरे लुच्च्या!" आणि पलीकडून खरोखरीच उत्तर आलं, "लुच्चा तू! पाइप नीट कर आधी!" मी गुडघ्यावर गोळ्या खाल्ल्या, पोटावर खाल्ल्या, जिथे सांगता येत नाही तिथे खाल्ल्या. पेनामावशीने कढईवर बंदूक टेकवून, एक डोळा मिटून, बरोबर कपाळावर मारली. मास्कच्या काचेवर सगळं निळं झालं. आत मी हसत होतो की रडत होतो, मला दिसत नव्हतं. आयुष्यात एवढा सुखी मी फार थोड्या वेळा झालोय.

नंतर मयतासाठी आणलेलं सगळं जेवण निघालं. उकडलेले बीन्स, पाव, ऑलिव्ह, राकीयाच्या, म्हणजे आमच्याकडच्या फळांच्या दारूच्या बाटल्या. सवयीप्रमाणे प्रत्येकाने राकीयाचा पहिला थेंब जमिनीवर सांडला, "देव लुबेनला क्षमा करो," म्हणाले, आणि मग माझ्याकडे बघून ओशाळले. बोझोने शब्द पाळला, कुठूनसा केक आणला. दोन वाजले तसे एकेक उठू लागले. कुणाला बस गाठायची होती, कुणाची सून वाट बघत होती. "पुढच्या रविवारी?" मी प्रत्येकाला विचारलं. "बघू," प्रत्येक जण म्हणाला. अडीच वाजता फाटकापाशी मी आणि बोझो. पिंपं धुवायची होती. हरलेला मीच होतो.

पिंपं धुताना रालीचा मेसेज आला. "बाबा, केवढी सुंदर टीम आहे तुमची! माझी काळजीच मिटली. खरं तर तुम्ही एकटे असाल म्हणून मी नाताळला तिकीट काढलं होतं. ते रद्द करते. इथे सुट्टीतलं काम घेईन. तुम्ही टीमबरोबर मजा करा!"

मी हात पुसले. लिहिलं, "टीम वगैरे काही नाही. ये." ते बराच वेळ बघितलं. मग पुसून टाकलं आणि लिहिलं, "छान. मजा कर." पाठवलंसुद्धा. म्हणजे ठरवलं होतं ते सगळं झालं. जिंकलोच म्हणायचं!

घरी आलो तर इमारतीच्या दाराशी पेनामावशी उभी. स्वयंपाकघरातल्या सुरीने माझा कागद खरवडून काढत होती. माझ्या अंगावर अजून सगळे रंग होते.

"दोन दिवस मेला होतास," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "पाच पावलांवर राहते मी. तू आत जिवंत आहेस, हे मला कळलं नाही. याची मला लाज वाटते."

"दार हळू लावत होतो, मावशी."

तिने सुरी खिशात घातली. पिशवीतून ती चार कार्नेशन काढली. त्यातलं एक उपसून घेतलं आणि उरलेली तीन माझ्या हातात कोंबली. "वाढदिवसाला चार देत नाहीत."

"आणि ते चौथं?"

"ते माझ्याकडे राहील. तू ती तीन जपून ठेव. तुझी खरी वेळ आली की हे घेऊन मी येईन."

"मावशी, तुम्ही अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, मी पंचावन्न!"

"मग?" ती जिना चढू लागली. "तुझा खेळ बघितलाय मी."

वर आलो. तीन फुलं पेल्यात ठेवली, पेला खिडकीत ठेवला, पाणी घातलं. मग लक्षात आलं, फुलं प्लॅस्टिकची आहेत. पण पाणी तसंच राहू दिलं. दर रविवारी बदलतो.